स्टेथोस्कोप गळ्यात नको, कानात हवा: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय हायस्कूल विद्यार्थ्यांना आरोग्यक्षेत्र दाखवताना

सभागृहात दोनशे मुलं बसवायची, पांढरे कोट घातलेले तीन डॉक्टर आणायचे, प्रत्येकाने वीस मिनिटं ‘मी इथवर कसा पोचलो’ सांगायचं आणि शेवटी पिझ्झा. अमेरिकेतले बहुतेक ‘करिअर डे’ असेच उरकले जातात. दुसऱ्या दिवशी मुलांना आठवतो तो पिझ्झा. यापेक्षा बरं काही करायची इच्छा असलेल्यांसाठी हे लिहिलं आहे. अमेरिकेत हॉस्पिटलात, फार्मसीत, लॅबमध्ये काम करणारी मराठी मंडळी पुष्कळ आहेत, आणि शनिवारची सकाळ द्यायला ती तयारही असतात. अडतं ते नेमकं काय करायचं इथे.

पार्श्वभूमी थोडक्यात. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण १३-१४ टक्के आहेत, डॉक्टरांमध्ये ५-६ टक्के. १९१० मध्ये वैद्यकीय शिक्षणाची झाडाझडती घेणारा फ्लेक्सनर अहवाल आला. तेव्हा कृष्णवर्णीयांसाठी सात मेडिकल कॉलेजं चालू होती. त्यातली पाच पुढच्या काही वर्षांत बंद पडली. उरली दोन, वॉशिंग्टनचं हॉवर्ड आणि नॅशव्हिलचं मेहॅरी. बाकीच्या बहुतेक कॉलेजांची दारं या मुलांना कित्येक दशकं बंदच होती. डॉक्टरच्या घरात डॉक्टर होतो हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. इथे घरात, नात्यात, गल्लीत विचारायला कुणी नसण्याचं हे एक मोठं मूळ. तुमचं काम हे विचारायचं माणूस होण्याचं आहे. तेही एका दिवसापुरतं नाही.

आधी आपली भाषा तपासा

मराठीत लिहिताना ‘कृष्णवर्णीय’ ठीक आहे, इंग्रजीत बोलताना ‘ब्लॅक’ म्हणण्यात काही गैर नाही. जुन्या मराठी पुस्तकांतला ‘निग्रो’ मात्र तिथेच राहू द्या. आपल्या दिवाणखान्यांतून ‘ते लोक’ ज्या सुरात बोललं जातं तोही घरी ठेवून निघा, कारण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला सूर शब्दांच्या आधी कळतो.

दुसरी चूक जास्त होते आणि ती चांगल्या मनाने होते: ‘आम्हीसुद्धा खिशात चार डॉलर घेऊन आलो आणि कष्टाने वर आलो.’ आपल्यापैकी अनेक जण खिशात चार डॉलर आणि हातात सरकारी कॉलेजच्या स्वस्त फीवर मिळवलेली पदवी घेऊन आले. दोन्ही गोष्टी सांगणार असाल तर सांगा, नाहीतर एकही नको.

तिसरं, हॉस्पिटलांबद्दलचा अविश्वास. अलाबामातल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांवर मुद्दाम उपचार न करता नुसतं ‘निरीक्षण’ चाललं होतं. मुलांच्या आज्यांना हे माहीत आहे. एखाद्या मुलाने विचारलं तर विषय बदलू नका. झालं ते सांगा. त्यानंतर संमतीचे कायदे कसे कडक झाले आणि संशोधनाला परवानगी देणाऱ्या समित्यांवर कोण बसतं तेही सांगा. त्या समितीत बसणं हेसुद्धा आरोग्यक्षेत्रातलंच काम आहे.

मुलं कशी गोळा करायची

बारा ते पंधरा मुलांचा एक गट धरा. त्याहून जास्त झाली की हातात काही येत नाही, आणि सहा-सातच घेतली तर दोन गळाल्यावर कार्यक्रम मोडतो. नववी-दहावीतली मुलं घ्या. अकरावीत पहिल्यांदा भेटलात तर गणिताची गाडी बहुधा सुटलेली असते. त्याबद्दल पुढे.

२९ जून २०२३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉलेजप्रवेशात वंशाचा विचार करण्यावर बंदी घातली. निकाल कॉलेजांचा होता, पण हॉस्पिटलं आणि शाळांचे वकीलही तेव्हापासून सावध झाले आहेत. म्हणून अर्जात वंशाची अट घालू नका, अर्ज सगळ्यांना खुला ठेवा आणि मेहनत घ्या ती निमंत्रण कुठे पोचतं यावर. शहरातली कोणती हायस्कूलं, कोणत्या वस्तीतली चर्च, कोणती न्हाव्याची आणि वेण्या घालायची दुकानं, हे ठरवा. कृष्णवर्णीय समाजातल्या जुन्या सोरोरिटी आणि फ्रॅटर्निटींच्या (कॉलेजात सुरू झालेल्या मुलींच्या आणि मुलांच्या संघटनांच्या) स्थानिक शाखा हायस्कूलच्या मुलांसाठी वर्षानुवर्षं काम करत आल्या आहेत. त्यांना डावलून नवी चूल मांडू नका, त्यांच्या चुलीवर भांडं चढवा. मजकूर छापण्याआधी संस्थेच्या कायदा विभागाला एकदा दाखवा. मागाहून दाखवलात तर अख्खा कार्यक्रम अडकतो.

निवडीसाठी साडेतीनचा जीपीए (गुणांची सरासरी) आणि पाचशे शब्दांचा निबंध मागितलात तर ज्यांना तुमची गरज नाही तीच मुलं येतील. दोन प्रश्नांचा अर्ज पुरे: ‘तुमच्या घरात कुणाच्या आजारपणात तुम्ही काय काम केलंत?’ आणि ‘शनिवारी सकाळी काय अडचण असते?’ पहिल्या प्रश्नाला थक्क करणारी उत्तरं येतात. आजीचं इन्सुलिन भरणारी, भावाच्या दम्याचा पंप सांभाळणारी मुलं ‘मला अनुभव नाही’ असं समजून चाललेली असतात. दुसऱ्या प्रश्नावरून तुमचं अंदाजपत्रक ठरतं.

कारण गळती होते ती बस, पैसे आणि सही या तीन ठिकाणी. शनिवारी शाळेची बस नसते आणि शहर बसच्या फेऱ्या निम्म्या असतात. वेळ ठरवण्याआधी त्या मार्गाचं शनिवारचं वेळापत्रक उघडून बघा, आणि बसचे पास पहिल्याच दिवशी हातात द्या. ‘पावती आणा, पैसे देऊ’ हे चालत नाही, कारण आधी खर्च करायला पैसे लागतात. उन्हाळ्यात मुलं किराणा दुकानात किंवा बर्गरच्या काउंटरवर काम करतात. तुमचा कार्यक्रम फुकटचा असेल तर त्यांना तो तोट्याचा पडतो. सहा आठवडे, आठवड्याला २० तास, तासाला १५ डॉलर धरले तर एका मुलाचे १,८०० आणि बारा मुलांचे २१,६०० डॉलर होतात. एवढे नसतील तर मुलं कमी करा, विद्यावेतन काढून टाकू नका. मुलांची बँकखाती आहेत का आणि राज्यात अल्पवयीनांना कामाचा परवाना लागतो का, हे पगार विभागाला मे महिन्यातच विचारा. जुलैत पहिला चेक अडकला की मूल परत बर्गरकडे जातं.

सहीचं असं, की मूल आजीकडे राहत असेल आणि आजी कायदेशीर पालक नसेल तर हॉस्पिटल तिची सही घेत नाही. हे अखेरच्या आठवड्यात कळतं. अर्जातच ‘फॉर्मवर सही कोण करेल?’ असं साध्या शब्दांत विचारून ठेवा. कागद मुलांच्या दप्तरातून घरी पाठवण्यापेक्षा पालकांना एका संध्याकाळी जेवायला बोलवा आणि तिथेच सगळ्या सह्या उरकून घ्या. वाढणाऱ्या माणसांपेक्षा सही घेणारी माणसं जास्त ठेवा.

स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासणी आधी व्हायला हवी. मुलाला बंद दाराआड एकट्याने भेटायचं नाही, खासगी मेसेज पाठवायचे नाहीत, जो काही ग्रुप असेल त्यात दुसरा मोठा माणूस असलाच पाहिजे. आपल्याकडे ‘काका’ म्हटलं की सगळं चालतं, इथे चालत नाही आणि चालू नये.

पहिल्या दिवशी: तीन टेबलं

नमनाला घडाभर तेल नको. ओळख पाच मिनिटं. मुलांची नावं ती जशी उच्चारतात तशी म्हणायला शिका. आपल्या नावांचं अमेरिकेत काय होतं हे आठवलं की यात कंटाळा येणार नाही. मग चार-पाच मुलांचे तीन गट, प्रत्येक टेबलावर २५ मिनिटं.

पहिलं टेबल रक्तदाबाचं. आपोआप फुगणारं यंत्र आणू नका. हाताने पंप करायचे चार कफ आणा, त्यातले दोन मोठ्या मापाचे, कारण फुटबॉल खेळणाऱ्या पोराच्या दंडाला नेहमीचा कफ पुरत नाही आणि लहान कफने आकडा खोटा वाढतो. कफमधल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के आणि लांबी ८० टक्के हवी. दोघांना एकाच वेळी ऐकू येणारा, दोन जोड्या कान असलेला शिकवायचा स्टेथोस्कोप मिळाला तर तो या टेबलावरची सर्वात मोलाची वस्तू.

क्रम असा. ज्याचा रक्तदाब मोजायचा त्याला पाच मिनिटं गप्प बसवा, पाय जमिनीला टेकलेले, पाठ टेकलेली, दंड हृदयाच्या पातळीला. बाही वर करा, कफ कातडीवर बांधा. मनगटाची नाडी धरून पंप करा, नाडी लागेनाशी झाली की आकडा बघा आणि हवा सोडा. थोडं थांबून पुन्हा त्याच्यावर ३० पर्यंत फुगवा. स्टेथोस्कोपची चकती कोपराच्या आतल्या बाजूला, करंगळीच्या अंगाला ठेवा. सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर अशा वेगाने हवा सोडा. पहिला ‘टक’ ऐकू आला तो वरचा आकडा, आवाज नाहीसा झाला तो खालचा.

‘मला काहीच ऐकू येत नाही’ असं निम्मी मुलं म्हणतील. बहुतेकदा कानातली टोकं उलटी असतात. ती पुढे, नाकाच्या दिशेने वळलेली हवीत. नाहीतर चकती उलट बाजूला फिरलेली असते. बोटाने हलकेच टिचकी मारून बघायला शिकवा. तेही नसेल तर हवा फार भरभर सोडली जाते आहे. हे तिसऱ्यांदा जमल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्यासाठी हा सगळा खटाटोप.

इथे एक गोष्ट आधी ठरवून ठेवा. एखाद्या मुलाचा आकडा जास्त येईलच. तेरा वर्षांवरच्यांना १३०/८० पासून पुढे उच्च रक्तदाबाची पहिली पायरी मानतात. आकडा मोठ्याने वाचायचा नाही, फळ्यावर लिहायचा नाही. पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तरीही जास्त असेल तर मुलाला बाजूला घेऊन सांगा आणि घरी द्यायचं पत्र तयार ठेवा. १४०/९० च्या वर असेल तर पालकांना त्याच दिवशी फोन.

दुसरं टेबल नाडी आणि प्राणवायूचं. बोटाला लावायचे पल्स ऑक्सिमीटर चार पुरतात. मुलांना आधी लावू द्या. गडद नेलपॉलिशवर किंवा ॲक्रिलिक नखांवर आकडा भरकटतो, म्हणून बोट आडवं फिरवून पाहायला सांगा. मग यंत्र कसं चालतं ते: एक लाल प्रकाश, एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, दोन्ही बोटातून आरपार, आणि कोणता किती शोषला गेला यावरून हिशेब. आता विचारा, ‘त्वचेत रंगद्रव्य जास्त असेल तर?’ थांबा. उत्तर मुलांकडून येऊ द्या. ते आलं की २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातले आकडे ठेवा. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातलं खरं प्रमाण ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होतं, गोऱ्या रुग्णांत ३.६. कोविडच्या लाटेत याच यंत्राच्या आकड्यावर कुणाला दाखल करायचं ते ठरत होतं. जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी आणि अन्याय, सगळं एका चिमट्यात. सावळ्या त्वचेवर ‘लाली’ जांभळट किंवा करडी दिसते, ओठ निळे पडल्याचं हिरड्यांत आणि तळहातावर बघावं लागतं, हेही इथेच दाखवा. चित्रं मात्र सावळ्या त्वचेची आणा. आयत्या वेळी शोधू लागलात तर पडद्यावर गोरीच त्वचा येईल.

तिसऱ्या टेबलावर कागद आणि कॅल्क्युलेटर. किडनी किती चालते हे रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थावरून काढायचं एक सूत्र २००९ पासून वापरात होतं, त्यात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला १.१५९ ने गुणत. मुलांना एकच गणित द्या. सूत्राने १८ उत्तर दिलं, गुणून किती? २०.८६. आता सांगा, की किडनीच्या प्रत्यारोपणासाठी प्रतीक्षेचा काळ २० किंवा त्याखाली आल्यावर मोजायला लागतो. म्हणजे त्या एका गुणाकाराने या रुग्णाची प्रतीक्षा मोजायला सुरुवातच होत नव्हती. टेबलावर शांतता पसरेल. २०२१ मध्ये वंशाचा गुणक काढून टाकलेलं नवं सूत्र आलं आणि २०२३ पासून यादीवरच्या कृष्णवर्णीय रुग्णांचा गमावलेला काळ परत धरून द्यायला सुरुवात झाली. हे बदलायला डॉक्टर लागले, तसे आकडेवारीवाले, लॅबवाले आणि लॅबच्या अहवालाचं सॉफ्टवेअर लिहिणारेही लागले.

टाके घालायचं टेबल सगळ्यांना हवं असतं. ते दुसऱ्या शनिवारी ठेवा, नाहीतर बाकीच्या टेबलांकडे कुणी फिरकणार नाही. डुकराच्या पायावर शिकवायची पद्धत आहे, पण गटात मुसलमान मुलं असू शकतात. केळं किंवा सिलिकॉनचा पॅड घ्या, आणि पॅड सावळ्या रंगातले मिळतात तेच मागवा. सुया मोजून द्या, मोजून परत घ्या.

सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा विषय निघेल. विदर्भात किंवा नंदुरबारकडे काम केलेल्या मराठी डॉक्टर-परिचारिकांना हा आजार पुस्तकातून शिकावा लागलेला नाही, आणि हे मुलांना सांगितलंत तर तुमच्या-त्यांच्यात खरोखरीचा दुवा जुळतो. डिसेंबर २०२३ मध्ये त्यावरच्या दोन जनुकीय उपचारांना अमेरिकेत मान्यता मिळाली. फक्त ‘तुमच्यापैकी कुणाला आहे का?’ हे विचारू नका.

हॉस्पिटलच्या आत

बहुतेक हॉस्पिटलं सोळा वर्षांखाली रुग्णविभागात येऊ देत नाहीत. चौदा-पंधराच्या मुलांना लॅब, फार्मसी, स्वयंपाकघर, उपकरणं निर्जंतुक करायचा विभाग आणि पुतळ्यांवर सराव करायचं सिम्युलेशन केंद्र दाखवा. या जागा कंटाळवाण्या नाहीत. मोडलेल्या सलाइन पंपाच्या पोटात हात घालणाऱ्या तंत्रज्ञापुढे मुलं तासभर उभी राहतात.

लसींचे कागद गोळा करायला सहा आठवडे धरा: गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस, कांजिण्यांचे दोन, हिपॅटायटिस बी, धनुर्वाताचा बूस्टर, थंडीत फ्लू. क्षयासाठी कातडीवरची चाचणी असेल तर ती ४८ ते ७२ तासांत पुन्हा येऊन दाखवावी लागते, आणि तिथेच मुलं सुटतात. रक्ताची चाचणी एकाच फेरीत होते. हॉस्पिटलने तिचा खर्च उचलावा असं आग्रहाने मागा.

गोपनीयतेचं प्रशिक्षण तासाभराच्या व्हिडिओने होत नाही. तीन प्रसंग द्या: लिफ्टमध्ये बोलणं, शेजारीण पलंगावर दिसणं, आणि स्क्रब्जमधला, म्हणजे हॉस्पिटलच्या कपड्यांतला, सेल्फी ज्यात मागच्या फळ्यावर रुग्णाचं नाव आलं आहे. तिसऱ्या प्रसंगात मुलं सापडतात, म्हणून फोन कपाटात आणि फोटो काढायची एक ठरलेली भिंत.

केसांचा मुद्दा कुणी लिहून ठेवत नाही. ऑपरेशन थिएटरची नेहमीची टोपी वेण्यांवर किंवा लॉक्सवर (जटांसारख्या वळलेल्या बटांवर) बसत नाही, आणि दारात उभं राहून ‘केस आत घाल’ हे ऐकणं म्हणजे ‘ही जागा तुझ्यासाठी नाही’ हेच ऐकणं. मोठ्या मापाच्या टोप्या आधी मागवून ठेवा. नखांचं उलटं आहे. कृत्रिम नखांत जंतू राहतात म्हणून रुग्णविभागात ती चालत नाहीत, आणि नखांचा संच करून घ्यायला मुलींचे पैसे गेलेले असतात. तीन आठवडे आधी सांगा, आदल्या दिवशी नको.

थिएटरमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्याला नाश्ता करायला लावा. गुडघे ताठ ठेवून उभं राहू नये, हात छातीशी बांधलेले, निळं दिसेल त्याला स्पर्श नाही, कारण निर्जंतुक कापड निळं असतं. घाम फुटला, कानात वाजू लागलं तर न विचारता मागे होऊन भिंतीला टेकून जमिनीवर बसायचं. चक्कर येणं लाजेचं नाही, निर्जंतुक टेबलावर पडणं महाग आहे. एक्स-रे चालू असताना अल्पवयीनांनी आत थांबू नये. रुग्ण उचलायचं विजेवरचं यंत्र अठराच्या खालच्याने एकट्याने चालवायला कायद्याने मनाई आहे.

एका कर्मचाऱ्यामागे एक मूल, पहिल्यांदा दोन तास. हातात तीन प्रश्नांचा कागद: आज तुम्ही कोणता निर्णय स्वतः घेतलात? कामाचा कोणता भाग नकोसा वाटतो? इथवर यायला किती वर्षं आणि किती पैसे लागले? शेवटचा प्रश्न विचारायला मुलं कचरतात, म्हणून तो कागदावर छापलेला असणं बरं. परत आल्यावर वीस मिनिटं बसा. ‘मला हे अजिबात नको’ असं मूल म्हणालं तर तो दिवस कामी आला.

डॉक्टर सोडून बाकी सगळं

मराठी घरांत डॉक्टर, मग बाकीचे, अशी उतरंड असते. ती इथे आणू नका. डॉक्टर व्हायला चार वर्षं कॉलेज, चार मेडिकल स्कूल आणि मग तीन ते सात वर्षं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, ही वाट एका मुलाला योग्य असेल, दुसऱ्याला बावीसाव्या वर्षी घराला हातभार लावायचा असेल. नर्सिंग असिस्टंटला केंद्र सरकारच्या नियमाने किमान ७५ तासांचं प्रशिक्षण लागतं, काही राज्यांत जास्त, आणि बऱ्याच ठिकाणी सोळाव्या वर्षी ते करता येतं. उपकरणं निर्जंतुक करणाऱ्यांच्या एका मान्यताप्राप्त प्रमाणपत्राला ४०० तास प्रत्यक्ष काम लागतं. कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांत नोंदणीकृत नर्स, रेस्पिरेटरी थेरपिस्ट (श्वसनाचे उपचार करणारा), सोनोग्राफी किंवा एक्स-रे तंत्रज्ञ होता येतं, पण प्रवेशाआधीची रसायन आणि शरीरशास्त्राची सत्रं धरली तर ती दोन वर्षं सहज तीन होतात. हे लपवू नका. डॉक्टरांच्या जोडीने रुग्ण तपासणाऱ्या फिजिशियन असिस्टंटला पदवीनंतर साधारण सव्वादोन वर्षं. फिजिओथेरपीला तीन.

यातला धोकाही सांगायला हवा. ‘आधी असिस्टंट हो, मग बघू’ असं म्हणत गोऱ्या मुलांना वरची शिडी आणि कृष्णवर्णीय मुलांना खालची पायरी दाखवली जाते. म्हणून प्रत्येक छोट्या प्रशिक्षणासोबत पुढच्या दोन पायऱ्या, त्यांचा खर्च आणि तो हॉस्पिटल भरेल का, हे त्याच कागदावर लिहून द्या.

रुग्णवाहिकेचं काम दाखवताना फ्रीडम हाउस या रुग्णवाहिका सेवेची गोष्ट सांगा. १९६७ मध्ये पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्टमधल्या, ‘नोकरीला नालायक’ ठरवलेल्या कृष्णवर्णीय तरुणांना डॉ. पीटर सफार यांनी शिकवलं, आणि अमेरिकेतल्या पहिल्या खऱ्याखुऱ्या पॅरामेडिकांपैकी ते ठरले. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू करून फ्रीडम हाउस बंद केलं. शेवटही सांगा, गाळू नका. आणि तुम्ही मराठी असाल तर एक गोष्ट तुमच्या खिशात असू द्या: आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या ज्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या, तिथूनच १८६७ मध्ये रिबेका कोल ही कृष्णवर्णीय तरुणी डॉक्टर होऊन बाहेर पडली होती.

फेब्रुवारीतलं गणित

पुढच्या वर्षीचे विषय शाळेत जानेवारी ते मार्चमध्ये भरले जातात. समुपदेशकांच्या संघटनेची शिफारस २५० मुलांमागे एक समुपदेशक अशी आहे, प्रत्यक्षात बऱ्याच शाळांत याहून कितीतरी जास्त मुलं एकाकडे असतात. म्हणून फेब्रुवारीतला एक शनिवार फक्त विषयांच्या फॉर्मसाठी ठेवा. नववीत अल्जिब्रा वन, मग जॉमेट्री, अल्जिब्रा टू, बारावीत प्रीकॅल्क्युलस ही किमान साखळी. नववीत ‘तयारीचं गणित’ घेतलं की साखळी तुटते आणि रसायनशास्त्र मागे सरकतं. शाळेत रसायन किंवा भौतिकशास्त्र शिकवतच नसतील तर जिल्ह्याच्या ऑनलाइन वर्गात किंवा कम्युनिटी कॉलेजात जागा मिळते का, हे तुम्ही फोन करून विचारा.

हायस्कूलमध्ये असताना कॉलेजचे विषय घेण्याची सोय फुकटात असते आणि छान वाटते. पण तिथले ग्रेड कायमचे असतात. पुढे मेडिकल स्कूलच्या अर्जात ते सगळे द्यावे लागतात आणि सरासरीत धरले जातात. सोळाव्या वर्षी बसच्या वेळेमुळे जीवशास्त्रात मिळालेला डी बावीसाव्या वर्षी समोर उभा राहतो. पहिला विषय हलका घ्या, प्रयोगशाळेचा नको.

कॉलेज निवडताना मोअरहाउस कॉलेज आणि मोअरहाउस स्कूल ऑफ मेडिसिन या अटलांटातल्या दोन वेगळ्या संस्था आहेत हे स्पष्ट करा, मुलं आणि पालक दोघेही गोंधळतात. न्यू ऑर्लिन्सचं झेवियर हे छोटं विद्यापीठ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना मेडिकल आणि फार्मसीपर्यंत पोचवण्यासाठी प्रसिद्ध आहे. केंद्राच्या आर्थिक मदतीचा फाफ्साचा फॉर्म साधारण १ ऑक्टोबरला खुला होतो. पेल अनुदान २०२५-२६ साठी जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर आहे आणि ते फेडावं लागत नाही. फॉर्मसाठी पालकाचं स्वतंत्र ऑनलाइन खातं लागतं. ते सप्टेंबरमध्येच उघडून घ्या, कारण पडताळणीत दिवस जातात.

बारावी झाल्यावर जून ते ऑगस्टमध्ये प्रवेश मिळालेली मुलंही गळतात. वसतिगृहाची अनामत, ओळखवर्गाची फी, विमा नको असल्याचा फॉर्म, यातलं एखादं राहून जातं आणि विचारायला शाळा बंद असते. या तीन महिन्यांसाठी एकच माणूस नेमा, ज्याचा नंबर सगळ्यांकडे असेल आणि जो दर पंधरवड्याला स्वतः फोन करेल. कॉलेजला लसींचं पत्रकही लागतं. ते दोन वर्षांपूर्वी हॉस्पिटलसाठी तुम्ही जमवलेलं असतं. त्याची प्रत काढून जूनमध्येच मुलाच्या हातात द्या.